लादीतली बाई

ऑनलाइन दुकानात गेमचं मुखचित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. बघणारा बोटानं यादी सरकवत असतो आणि त्या तिकिटाच्या वाट्याला जेमतेम एक सेकंद येतो. म्हणून चित्र रंगवून झालं की मी ते मोबाइलवर बारीक करते, मोबाइल ओट्यावर उभा ठेवते आणि हॉलच्या टोकाला जाऊन बघते. तिथून कळलं तर चित्र जमलं, नाही तर पुन्हा बसायचं. वर्णनाचंही तेच. पहिल्या ओळीत खेळणाऱ्यानं काय करायचं ते आलं पाहिजे, गेमचं कौतुक नंतर.

हे सगळं मला येतं. माझा स्वतःचा गेम मात्र एक्केचाळीस जणांनी घेतला, त्यातले सहा नातेवाईक. दोन वर्षं मी त्याचा दोष दुकानाला देत होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग रुबिनानं तिचा गेम दाखवला. आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. तिचे वडील, मुसाचाचा, तीस वर्षं मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात आहेत, आणि गेमही तिथलाच. ओल्या फरशीवर बर्फाची लादी ढकलायची. ती कशाला तरी अडेपर्यंत घसरत जाते. वितळायच्या आत ती मासेमारीच्या ट्रॉलरपर्यंत पोचवायची. साठ लेव्हल, नाव ‘बर्फखाना’. नाचणे गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी एका दमात बावीस लेव्हल खेळले आणि समोरचा चहा प्यायचा राहिला. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही, म्हणून माझ्या पोटात दुखलं. शब्दशः दुखलं, बेंबीच्या वर, डाव्या बाजूला.

“चित्र नि वर्णन तूच कर शमे,” ती म्हणाली. “त्यातलं मला कायच कळत नाय.”

स्क्रीनशॉट काढायला तिनं मला गेमची सगळी फाइल देऊन टाकली, दुकानाच्या पानाचा पासवर्डही. इतका तिचा विश्वास.

मी निळी लादी रंगवली, मागे कारखान्याचं उघडं दार, दारातून येणारं ऊन. हॉलच्या टोकावरून ती निळ्या विटेसारखी दिसत होती. डोळा कुठं ठरेना. तिसऱ्या दिवशी मी लादीच्या आत एक बाई काढली. पाठमोरी, गुडघे जवळ घेऊन बसलेली, एक लांब वेणी. पुन्हा टोकाला जाऊन पाहिलं. नजर थेट तिच्यावर जात होती. मी आजवर केलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं.

गेममध्ये अशी बाई नव्हती. आमच्या कामात एकच पाप मानतात: गेममध्ये नाही ते चित्रात दाखवणं. फसवलं म्हणून लोक चिडतात आणि सुरुवातीचे दहा वाईट अभिप्राय चांगल्या गेमलाही बुडवतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच वर्णनाच्या शेवटी मी आणखी एक ओळ लिहिली: ‘साठांपैकी एका लेव्हलमधल्या लादीत कुणीतरी आहे.’

रुबिनानं ती वाचली. “पण असं कुणी नाय ना गो आपल्या गेममध्ये.”

“वातावरण लागतं थोडं,” मी म्हटलं. “लोक शोधत राहतात.”

“बरं. तुला जास्त कळतं.”

‘आपल्या’ गेममध्ये म्हणाली होती ती. माझं तिनं काय घोडं मारलं होतं? तरी मी ओळ खोडली नाही.

शुक्रवारी गेम दुकानात आला. रविवारी सकाळी मी शिव्या वाचायला बसले. पहिला अभिप्राय फिनलंडहून होता. ‘सत्तेचाळिसाव्या लेव्हलमध्ये सापडली. डाव्या कोपऱ्यातली लादी. अंगावर काटा आला.’ खाली तसेच आणखी अकरा. स्क्रीनशॉटही होते. पाठमोरी, एक वेणी, गुडघे जवळ.

दुपारी रुबिनाचा फोन आला. “शमे, सांगितलं पण नायस! फाइल दिली तेव्हा गुपचूप घातलीस ना तिला?”

मी सत्तेचाळिसावी लेव्हल उघडून बसले होते. माझ्या स्क्रीनवर कोपऱ्यातल्या लादीत नुसता बर्फ होता.

“हो,” मी म्हटलं. “म्हटलं तुला चकित करावं.”

खोटं होतं, पण बोलताना गोड लागलं. निदान बाई तरी माझी.

मी तपासून पाहणारी आहे. कुणी फाइलमध्ये शिरलं असेल, मूळ फाइलमध्येच काही राहून गेलं असेल, सगळं चाळलं. बाईचं चित्र कुठंच नव्हतं. मग प्रयोग म्हणून वर्णनात नवी ओळ घातली: ‘थांबलात तर ती वळून डोळे उघडते.’ दोन दिवसांनी चिलीतल्या एकानं लिहिलं की वीस मिनिटं थांबलो, तेव्हा वळली.

रुबिना फोनवर हसत होती. “चेहरा तर तुझाच ठेवलायस. अब्बांनी बघितल्याबरोबर ओळखला.”

मी चेहरा काढलाच नव्हता. माझ्या लादीत अजून नुसता बर्फ होता. हजारो परक्या लोकांना ती खेळताना दिसत होती आणि मला माझ्या स्क्रीनवर नाही, याचं मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

पुढच्या आठवड्यात स्थानिक पेपरात अर्धं पान आलं. रुबिना, मागे बर्फाचा कारखाना, शेजारी मुसाचाचा. मजकुराची सुरुवातच बाईपासून होती. लादीत बाई ठेवण्याची अचाट कल्पना मिरकरवाड्याच्या या लेकीची, असं त्यात छापलं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. मी पेपर चार वेळा वाचला.

“मी सांगितलं होतं पेपरवाल्याला तुझं नाव,” रुबिना म्हणाली. “त्यानं घातलं नाय तर मी काय करू?”

कदाचित खरंच सांगितलं असेल. मी जेवले नाही. दुकानाचं पान उघडलं आणि वर्णनाच्या तळाशी लिहिलं: ‘ती बाहेर येईल आणि तिला कुणी घडवलं ते सांगेल.’

हात दाखवून अवलक्षण.

बुधवारी पहिला अभिप्राय आला. ‘लादी रिकामी आहे.’

संध्याकाळपर्यंत साठ. स्क्रीनशॉटमध्ये लादी पुढून फुटलेली होती आणि आत बसलेल्या माणसाच्या आकाराची पोकळी होती.

मी दाराला कडी घातली. गुरुवारी घरातच राहिले. जिन्यात पाऊल वाजलं की श्वास रोखायची. शुक्रवारीही कुणी आलं नाही.

ती यायला हवी होती. माझ्याकडेच यायला हवी होती.

रुबिना फोन उचलत नव्हती. शनिवारी दुपारी आंबापोळीचा डबा घेऊन मी मिरकरवाड्याला गेले. कडक ऊन होतं, बंदरावर मासळीचा लिलाव आटपून टोपल्या धुणं चाललं होतं. रुबिनाच्या घराचं दार अर्धं उघडं होतं.

आतून हसण्याचा आवाज आला. रुबिना हसत होती. माझ्याबरोबर ती असं कधी हसली नव्हती.

“आणि हे टोकावरून बघितलंस तर?” दुसरा आवाज म्हणाला.

तो आवाज मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला आहे. तो माझा आहे.

पडद्याच्या फटीतून टेबल दिसत होतं. दोन खुर्च्या जवळजवळ ओढलेल्या. स्क्रीनवर नव्या गेमचं मुखचित्र, अर्धं रंगवलेलं. माझ्यापेक्षा चांगलं. त्याखाली ठळक अक्षरांत: ‘चित्र आणि मजकूर: शमिका.’

मी दारापासून एक पाऊल मागे सरकले.

मुसाचाचा बाहेर आले. मला बघून थबकले, मग मागे वळून पडद्याकडे पाहिलं.

“तू बाहेर कधी गेलीस गो?”

मी डबा पुढं केला. त्यांनी तो घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांचा चेहरा सैल झाला.

“आज हात गरम आहेत तुझे,” ते म्हणाले. “बरं वाटलं.”