आतून ओढलेली दोरी

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट हे ऐकून लोक मला काम द्यायला कचरतील. तरी सांगतो, कारण हे माझ्यासमोर घडलंय.

रात्र नव्हती. भर दुपार होती. शहराबाहेरचं एक कोल्ड स्टोरेज.

माझा धंदा जुन्या कॉम्प्युटरचा. लोक ज्याला भंगार म्हणतात, त्यावर माझं घर चालतं. तिथल्या फ्रीझरचं दार एका जुनाट प्रोग्रामवर चालायचं आणि त्या कॉम्प्युटरने मान टाकली होती. मी प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घेतला. एम्युलेटरमध्ये. म्हणजे नव्या मशिनला जुन्या मशिनचं सोंग घ्यायला लावलं.

प्रोग्राम सुरू झाला, पण उघडं अडकलेलं दार ढिम्म हलेना.

लॅपटॉपपासून दारापर्यंत गेलेल्या सिरियल पोर्टच्या केबलमधून हुकूम सोडण्याआधी प्रोग्राम दाराकडून एका होकाराची वाट बघायचा. तो होकार येतच नव्हता. सकाळपासून मी 'उघड', 'बंद', 'उघड', 'बंद' करून थकलो होतो.

शेवटी आम्ही सगळे करतो तेच केलं. केबलच्या टोकाच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडून टाकल्या. आता प्रोग्रामला स्वतःचाच होकार परत मिळणार होता.

माझा मेहुणा मदतीला आला होता. तिशीचा गडी, तोंडाचा पट्टा कायम चालू. तो आत दाराचं रबर बघत होता.

"दाजी, आटपा हो! माझी कुल्फी होईल!"

मी हसलो.

आणि... सकाळपासून अडकलेले सगळे हुकूम एकदम सुटले.

शेवटचा होता 'बंद'.

धप्प!

मेहुण्याचा आवाज मध्येच तुटला.

मी 'उघड' टाइप केलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला... एम्युलेटर जागच्या जागी गोठला होता.

मॅनेजरबाई धावत आल्या. "आत कोण आहे?"

"मेहुणा. बाहेरून उघडायला काही आहे का?"

"हँडल कधीच तुटलंय. पण घाबरू नका, आत दाराशेजारी दोरी आहे. ती ओढली की दार उघडतं."

"दोरी कशाला जोडलीय?"

त्यांनी माझ्या केबलकडे बोट दाखवलं.

प्रोग्राम ज्या होकाराची वाट बघत होता, तो 'आत कोणी नाही' हा होता. दोरी त्याच पिनेवर होती, आणि वायरचा तुकडा लावून मी तिचंच तोंड बांधलं होतं.

आत उणे अठरा. मेहुणा नुसत्या शर्टावर.

मी केबल उपटली. दोघं जण पहार आणायला पळाले. मी दाराला कान लावला.

काहीच नाही...

खूप भीती वाटली. बायकोला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. पडद्यावर एक ओळ आली होती.

आतून दोरी ओढली.

केबल माझ्या हातात लोंबत होती.

आणि दार... सरकलं.

मेहुणा बाहेर आला. पापण्या पांढऱ्या. त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"दाजी, आधी आजोबांना काढा."

"कोण आजोबा?"

"मी ओढत होतो, काही होईना. मग मागून एका म्हाताऱ्याचा हात आला. ते म्हणाले, 'सरक, तुझं कुणी ऐकत नाहीये. मी रोजच ओढतो.'"

आम्ही एकेक रॅक पाहिला. कोणी नव्हतं. मॅनेजरबाई मात्र उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"ते आत अडकून गेले, त्यानंतर ही दोरी बसवली," एवढंच म्हणाल्या.

मी वायरचा तुकडा काढला, केबल जोडली, एम्युलेटर पुन्हा चालू केला. फ्रीझर रिकामा. दोरी सैल. तरी प्रोग्राम होकाराची वाट बघत थांबला. सकाळसारखाच.

मी ज्याला बिघाड समजून झगडत होतो, तो बिघाड नव्हताच.

"तो तुकडा परत लावा," बाई हळूच म्हणाल्या. "उद्या माल येतोय."

मी नाही लावला. दुसऱ्या कुणीतरी लावला. दार आता मस्त चालतं म्हणे.

प्रोग्रामची प्रत माझ्याकडे राहिली. काल मेहुणा चहाला आला तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता. केबल नाही, पोर्ट बंद.

लॅपटॉप वाजला...

आतून दोरी ओढली.

मेहुण्याने कप खाली ठेवला. मी 'उघड' टाइप केलं. उत्तर आलं, दार सापडत नाही.

"दाजी, उघडा ना..."

मी त्याला लॅपटॉपची रिकामी बाजू दाखवली.

तीच ओळ पुन्हा आली.