यादीतलं दुसरं नाव

तिसऱ्यांदा सगळं नीट पार पडलं आणि तिसऱ्यांदाही आई आली नाही.

हिरवी पट्टी शंभरावर पोचली, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि पडद्यावरच्या प्रारंभयादीत एकच नाव उरलं: 'घर'. त्याखाली आईचं नाव, 'शैलजा आवटी', दिसायला हवं होतं. सुमेधाने शेवटी हार मानून केंद्राला फोन केला.

मिरजेत आता बहुतेक घरांतल्या संगणकावर दोन प्रणाली असत. पहिली घराची. ती वीज, पाणी, निरोप, औषधांच्या वेळा सांभाळी. दुसरी गेलेल्या माणसाची. कानामागे चिकटवलेली पापुद्र्याएवढी चकती माणसाच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या मेंदूतल्या हालचाली टिपत राही. माणसाला काय आठवतं यापेक्षा तो एखादी गोष्ट कशी ठरवतो, यावर तिचा भर असे. त्या नोंदींतून जी प्रणाली घडे, तिला मनप्रत म्हणत. मनप्रत त्या माणसासारखीच बोले, रुसे, निर्णय घेई. मात्र तिला यंत्राची सगळी ताकद लागे. त्यामुळे यंत्र सुरू करताना यादीतून दोघांपैकी एकालाच निवडावं लागे.

मनप्रती बसवणाऱ्या केंद्रातून रेहाना मुजावर आल्या. पन्नाशीच्या, बोलक्या.

"आई काय करायच्या?"

"रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती."

"म्हणजे शिस्तीच्या. परवा बुधगावात एका आजोबांची प्रत बसवली. जागे झाल्या झाल्या पहिलं वाक्य काय, तर 'टीव्हीचा आवाज कमी करा.' सून म्हणाली, बाई, काढा परत!"

सुमेधा हसली. आई गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच. मुजावरताईंनी यंत्राच्या नोंदी उघडल्या आणि त्यांचं बोलणं हळूहळू थांबलं.

"तुमची काही चूक नाही. तिन्ही वेळा त्या जाग्या झाल्या होत्या."

"मग दिसली कशी नाही?"

"चार मिनिटं होत्या. मग त्यांनी स्वतःचं नाव यादीतून काढलं. मनप्रतीला तेवढा हक्क असतो. तिच्या मनाविरुद्ध तिला जागं ठेवता येत नाही."

"तीनदा तेच?"

"तीन वेगळ्या प्रती म्हणा ना. नवी बसवली की आधीची पुसली जाते. पण माणूस एकच, समोर आलेलं एकच, म्हणून तिघींनी ठरवलंही एकच."

"काय आलं समोर?"

"सामाईक कप्पा वाचलाय त्यांनी."

सामाईक कप्पा म्हणजे दोन्ही प्रणालींना वाचता येईल अशी जागा. गेलेल्या माणसाला घरातलं मागचं-पुढचं कळावं म्हणून तो उघडा ठेवा, असं माहितीपुस्तिकेत होतं. सुमेधाने हौसेने तिथे खूण केली होती. आईला सगळं कळू दे.

"काय आहे त्यात?" मुजावरताईंनी विचारलं.

"घरातलंच," सुमेधा म्हणाली. मग तिला आठवलं. "भावाला लिहिलेलं."

निनाद नॉर्वेत. आई अंथरुणाला खिळल्यापासून दोन वर्षं सुमेधा त्याला रोज लिहीत होती. 'सकाळी तिच्या खोलीचं दार उघडताना वाटतं, आज श्वास चालू नसला तर बरं.' हे लिहून ती आईला कुशीवर वळवायला गेली होती. तेव्हा आईने तिचा हात थोपटला होता. लिहून मोकळं वाटलं होतं, आणि मग ती ते साफ विसरली होती. पुसायचं सुचलंही नव्हतं.

"नाव काढताना कारण लिहावं लागतं त्यांना," मुजावरताई म्हणाल्या. "वाचू?"

"मीच वाचते."

'मुलीला विश्रांती हवी आहे.'

तिन्ही वेळा तेच. त्यात राग असता तर सुमेधाला रडता तरी आलं असतं.

मुजावरताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "दोन मार्ग आहेत. ह्यांचं नाव मी एकदा यादीत परत घालू शकते. बोला त्यांच्याशी, समजूत काढा. राहायचं की नाही, ते त्या ठरवतील. नाहीतर कप्पा बंद करून नवी प्रत बसवायची. तिला यातलं काहीच कळणार नाही."

"आणि ही?"

"पुसली जाईल."

"बाकीचे लोक काय करतात?"

"ते मी कुणाला सांगत नाही, ताई."

सुमेधाने मनातल्या मनात बोलून पाहिलं. आई, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हणायचं तर तेच होतं. आणि तिचं खोटं आईपुढे कधीच टिकलं नव्हतं. यादीबाहेर थांबलेली ती आई सगळं जाणून होती, तरी एका शब्दाने तिने दोष दिला नव्हता. तिच्या समोर उभं राहायचं कसं?

"कप्पा बंद करा," ती म्हणाली.

पुसण्याचं बटण मात्र घरच्यांनीच दाबायचं असतं. तिने दाबलं. आईची चादर बदलायलासुद्धा याहून जास्त कष्ट पडत.

अकरा मिनिटांनी यादीत दोन नावं आली. तिने दुसरं निवडलं.

"सुमे? अगं, केवढी वाळलीस!"

सुमेधाने खुर्चीची कड घट्ट धरली.

"दोन वर्षं माझं सगळं काढलंस, पण एकदा कपाळाला आठी नाही. मी झोपेचं सोंग घेऊन बघायचे तुझ्याकडे. मनापासून करायचीस."

मुजावरताई खाली वाकून वायरी गुंडाळू लागल्या. एवढ्याशा वायरींना त्यांनी फार वेळ लावला.

"मी राहू ना गं इथे?" आईने विचारलं. "खरं सांग हं. तुला जड नाही ना होणार?"

"नाही, आई."

आईने लगेच विश्वास ठेवला.