ऐकणारीची खुर्ची

दार ढकलून ती आत शिरली, पाठीनेच दार लावलं, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. प्रवेशाच्या मुलाखतीला तिच्याआधी अजून दोघंतिघं होती. तोवर या अडगळीच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या आणि कलंडलेल्या पृथ्वीगोलांच्या सोबतीने, कुणाच्या नजरेस न पडता नीट पोटभर घाबरून घ्यावं, एवढाच तिचा विचार होता.

"ही जागा भरलेली आहे," कपाटामागून आवाज आला.

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. कपाटामागून आधी एक डोकं आलं, मग रुंद खांदे, मग हळूहळू एक उंचापुरा माणूस. केसांत जळमट, इस्त्रीच्या सदऱ्यावर धुळीचा पट्टा.

"घाबरू नका," तो म्हणाला. "म्हणजे... घाबरा, पण माझ्यामुळे नको. मीही त्याच कामाला आलोय."

"कुठल्या?"

"लपायच्या."

तिला हसू आलं. त्याने पाठ ताठ ठेवून, नुसते गुडघे मोडत पिशवी उचलून दिली.

तो व्यायामशिक्षक होता. शाळेत पोरं त्याला शिट्टीसर म्हणत. "मैदानावर माझा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो," तो म्हणाला. "पण बंद खोलीत समोर टेबल आलं, टेबलामागे तीन चष्मे आले, की संपलं. तुम्ही?"

"मी तिसरीच्या वर्गावर आहे. मावशीची छोटी शाळा आहे, तिथेच."

"आणि पुढे काय शिकायचं म्हणता? इथे तर तीन वाटा आहेत. शाळा चालवायचं शिक्षण, नाहीतर अडखळत शिकणाऱ्या मुलांसाठीचं विशेष शिक्षण, नाहीतर समुपदेशन. माझं शेवटच्या दोनांत अडलंय."

"मावशीने पढवलेलं सांगू की खरं?"

"आधी मावशीचं होऊ दे."

ती ताठ उभी राहिली. "शिक्षण व्यवस्थापनात मला विशेष रस असून, भविष्यात संस्थेची धुरा समर्थपणे..."

"मला जांभई आली. खरं काय?"

मग तिने खरं सांगितलं. तिच्या वर्गात एक मुलगी होती. वडील गेल्यापासून ती बोलायची थांबली होती आणि मधल्या सुट्टीत टेबलाखाली जाऊन बसायची. सगळ्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. एके दिवशी हीसुद्धा टेबलाखाली शिरली आणि तिच्याशेजारी नुसती बसून राहिली. घंटा झाली तेव्हा मुलीने आपलं खोडरबर हिच्या हातात ठेवलं होतं.

"तेव्हापासून वाटतं की... समुपदेशन शिकावं. पण मावशी म्हणते, टेबलाखाली बसायला पदवी लागत नाही."

शिट्टीसर हसला नाही. "लागत असेल," तो हळूच म्हणाला. "मला तर वाकताच येत नाही."

तेवढ्यात बाहेर तिचा पुकारा झाला. जाताना तिने, काय वाटलं कोण जाणे, त्याच्या केसांतलं जळमट काढून टाकलं. आणि मग मुलाखतभर तिला तीन चष्म्यांपेक्षा आपल्या त्या हाताचीच जास्त भीती वाटत राहिली.

दोघांनाही शिक्षणशास्त्र विभागात प्रवेश मिळाला. पहिलं सत्र सगळ्यांना सारखंच होतं, विषय निवडायचा तो सत्राच्या शेवटी. त्यात समुपदेशनाचा सराव असे. विभागाच्या टोकाला एक लहानशी खोली, दोन खुर्च्या, मधे काही नाही. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं.

विभागप्रमुख मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "बोलणाऱ्याने जे सांगायचं ते स्वतःचं आणि खरं सांगायचं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट मधे घुसवायची नाही. समोरचा गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसायचं. आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच राहील. बाहेर त्याची आठवणसुद्धा करून द्यायची नाही, त्या माणसालाही नाही. ज्याला हे जमणार नाही, त्याने दुसऱ्याच्या मनाच्या वाटेला जाऊ नये."

मग त्यांनी जोड्या लावल्या. आणि देवाची करणी पाहा, तिच्या समोरच्या खुर्चीत नेमका शिट्टीसर येऊन बसला.

सुरुवातीला सगळं सोपं होतं. तो उडी मारताना पडलेल्या पोराबद्दल बोलला, थोरल्या भावाच्या धाकाबद्दल बोलला. ती ऐकायची, मान हलवायची. खोलीबाहेर पडलं की दोघं जिना उतरत, आणि त्याची जीभ जरा सैल होई.

"आज तुम्ही फार छान ऐकलंत."

"काय ऐकलं? मला काही आठवत नाही."

"अरे वा. मॅडम खूश होतील."

"मॅडमना नका सांगू. त्यांना वाटेल माझं डोकं कमजोर आहे."

एवढंच. पण त्या एवढ्याशावर तिचा सबंध आठवडा निघायचा. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती स्वतःशीच हसायची आणि तिसरीतली पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची.

मग ती दुपार आली. बाहेर बारीक पाऊस लागला होता, काचेवरून ओघळ उतरत होते. शिट्टीसर खुर्चीत बसला, तळहात गुडघ्यांना पुसले, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. ती थांबली. नियमच होता तो.

"मला एक मुलगी आवडते," तो म्हणाला.

तिचा चेहरा जागचा हलला नाही. शिकवल्याप्रमाणे तिने मान हलवली.

"रोज दिसते. पुस्तकांत डोकं असतं तिचं. दिसली की मला पळून जावंसं वाटतं आणि... पाय हलत नाहीत."

पुस्तकांत डोकं. तिच्या डोळ्यांसमोर विभागाच्या ग्रंथालयातली ती गोरटेली ग्रंथपाल उभी राहिली. तिच्या टेबलापाशी शिट्टीसर किती वेळ रेंगाळतो, ते तिने पाहिलं होतं. त्याच्या विनोदांना ती किती मोकळं हसते, तेही.

"तुम्हाला... भीती वाटते," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे ना, अशी तिलाच शंका आली.

"हो. सांगितलं आणि ती नाही म्हणाली, तर आत्ता जे थोडंसं आहे तेही जाईल."

"जे आहे ते जाईल... ही भीती."

"तीच." त्याने वर पाहिलं. क्षणभरच. त्या नजरेत काहीतरी होतं, आणि ते आपल्यासाठी असेल, या विचाराने तिला जेवढी धडकी भरली तेवढी ग्रंथपालच्या विचारानेही भरली नव्हती. ग्रंथपाल असेल तर रडून मोकळं होता येईल. पण आपणच असलो तर? मग बोलावं लागेल. आणि बोलायला गेलं की आपल्याकडून सगळं फुटतं, सांडतं, वाया जातं...

त्या दिवशी जिन्यात तो म्हणाला, "पाऊस लागलाय."

"हो. लागलाय."

"छत्री आहे?"

"आहे."

आणि ती छत्री न उघडताच चालती झाली. विचारायची सोय नव्हती. खोलीतलं खोलीत. स्वतः मॅडमनी घातलेलं कुलूप, आणि हिच्यासारखी नेकीने ते सांभाळणारी दुसरी सापडणं कठीण. पुढच्या सत्रातला सराव जवळ येऊ लागला तशी तिची झोप उडाली. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, तो त्या मुलीबद्दल बोलणार, आणि आपण मान हलवायची? ते आपल्याच्याने व्हायचं नाही. आणि न बसायचा मार्ग एकच होता.

"मावशी, मी व्यवस्थापनच घेते," तिने एका सकाळी सांगून टाकलं.

मावशी शाळेच्या हजेऱ्या तपासत होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "काय म्हणालीस?"

"शाळा चालवायचंच शिकते. तू म्हणत होतीस तसं."

मावशी उठली, जवळ आली आणि तिने भाचीच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"मावशी, तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. पण तू माझं एवढ्या लवकर आयुष्यात कधी ऐकलं नाहीस, म्हणून जरा भीती वाटली. अगं, कुणी काही बोललं का तुला तिथे?"

"नाही."

"मग कुणी बोललं नाही म्हणून का?"

तिने पिशवी खांद्याला लावली आणि ती पळालीच.

निवड कळवायचा शेवटचा दिवस होता. मॅडम आपल्या खोलीत एकट्याच होत्या. "बस," त्या म्हणाल्या. "काय घेतेस?"

"व्यवस्थापन."

"का?"

"मावशीची शाळा आहे. पुढे तिला..."

"मावशीचं समजलं. तुझं?"

ती गप्प. मॅडमही गप्प. हा त्यांचा जुना डाव आहे हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असून काय उपयोग? ती शांतता पाण्यासारखी चढत गेली, गळ्यापर्यंत आली.

"मला ऐकताना भीती वाटते," ती शेवटी म्हणाली.

"कशाची?"

"ते सांगता येणार नाही. ते... खोलीतलं आहे."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं. "त्याचं जे असेल ते झाकून ठेव, बाळ. शाबास. पण तुझं जे आहे ते तुझंच आहे, त्याला कुलूप घाल असं मी कधी म्हटलं? आणि एक सांगते. भीतीपोटी विषय सोडायचा असेल तर खुशाल सोड, माझी ना नाही. फक्त त्याला आवड म्हणू नकोस. मुलाखतीत तू सांगितलं होतंस, त्या टेबलाखालच्या पोरीला उद्या काय तोंड दाखवशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही. "समुपदेशन लिहा," ती म्हणाली. "पण... माझा जोडीदार बदलून द्या."

मॅडमनी लिहिलं. का, ते विचारलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा शिट्टीसर जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. खालच्या मजल्यावर शिपाईकाका एकेक खोली बंद करत होते. कड्यांचा आवाज वर येत होता. त्याला पाहताच तिला वाटलं, मागे वळावं. अजून दार उघडं आहे, अजून म्हणता येईल की पिशवी विसरले.

"काय घेतलंत?" त्याने विचारलं.

"समुपदेशन. तुम्ही?"

"विशेष शिक्षण."

म्हणजे तो आधीच सुटला होता. तिच्या समोरच्या खुर्चीतून, तिच्या ऐकण्यातून. नाहीतरी ग्रंथपालला हे ऐकणं कशाला आवडलं असतं...

"माझ्यामुळे?" तिच्या तोंडून गेलं.

"नाही. मैदानावर जी पोरं शिट्टी वाजल्यावरही उभीच राहतात, त्यांच्यासाठी." त्याने मान खाली घातली. "आणि... थोडं तुमच्यामुळे."

म्हणजे काय, हे विचारायचा धीर तिला नव्हता. पण आपलं जे आहे ते सांगायला परवानगी लागत नाही, एवढं तिला नुकतंच कळलं होतं. तिने कठडा धरला. लोखंड गार होतं.

"मला काहीतरी सांगायचंय. मधे बोलू नका, नाहीतर राहून जाईल. मला तुम्ही आवडता. त्या दिवशी कपाटामागून आलात तेव्हापासूनच असेल. तुम्ही काही म्हणायलाच पाहिजे असं नाही. मला एवढंच... एवढंच होतं."

झालं. सांडलं सगळं. ती खाली पायऱ्यांकडे बघत राहिली. वर काहीच हललं नाही. तो बोलेना. समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं, हे तिने शेकडो वेळा घोकलं होतं. पण आज त्या शांततेत तिचा जीव कणाकणाने जात होता. खाली एक दार लागलं. मग दुसरं.

"ती मुलगी..." त्याचा आवाज चिरकला. मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा आवाज. "मी त्या दिवशी जी मुलगी म्हटलं..."

"कुठली मुलगी?" ती म्हणाली. "मला कुठलीच मुलगी माहीत नाही."

तो बघतच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. "म्हणजे मला पहिल्यापासून सांगावं लागेल? इथे? खोलीबाहेर?"

"सांगायचं असेल तर."

"माझे पाय कापतायत."

"माझेही."

"सल्ला तरी द्या काहीतरी."

"सल्ला नाही देत मी. ऐकते."

शिपाईकाकांच्या चपला पायऱ्या चढू लागल्या. "आटपा रे, वरचं कुलूप लावायचंय," त्यांनी खालूनच हाक दिली.

तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. आणि त्या उंच माणसाने, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कुणासाठी तरी थोडं वाकून सांगायला सुरुवात केली.

"मला एक मुलगी आवडते," तो म्हणाला. "ती तिसरीच्या वर्गावर आहे."