उजवा स्पीकर

लाटूश रोडवर हत्यारं घ्यायला जाणाऱ्याने आपण सुतार असल्याचा आव आणू नये. मी आणला. "रंदा दिखाइए, लोहे वाला," असं तोऱ्यात म्हणालो. दुकानदाराने आधी माझा चष्मा पाहिला, मग हात.

"घर में मंदिर बना रहे हैं, भाईसाहब?"

"स्पीकर का डिब्बा."

"अरे, तो बना-बनाया ले जाइए. इस उमर में काहे हाथ छिलवाएँगे?"

रंधा घेतला, दोन पटाश्या, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि लाकूड आवळून धरायचे चार शिकंजे घेतले. पिशवी इतकी जड झाली की ई-रिक्षावाल्याने ती आपल्या पायाशी ठेवून घेतली. डिसेंबरचं धुकं होतं आणि कैसरबागेपर्यंत पुढचं वाहनसुद्धा दिसत नव्हतं.

स्पीकर माझा नव्हता. उत्कर्षाचा होता, म्हणजे आमच्या मुलीचा. लग्नाच्या आणि सभांच्या साउंडची कामं ती करायची आणि घरासाठी स्वतःच्या हाताने स्पीकरची जोडी बनवत होती. डावा पूर्ण झाला, आणि उजव्याचे तुकडे कापून झाले तेव्हा तिला ताप आला. दोन वर्षं होतील आता. सव्वीस वर्षांची होती. मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच द्यायची, "हो जाएगा, बाबा, टेंशन मत लो." मी टेन्शन घेतलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत उपकरण विभागात होतो. तराजू, मापकं, सूक्ष्म वजनं तपासण्यात जन्म गेला. आता निवृत्ती झाली होती आणि संस्थेचं क्वार्टर फेब्रुवारीत सोडायचं होतं. सांगलीतला फ्लॅट वाट बघत होता. माझी बायको यमुना मात्र जागची हलेना. अनेक दिवस मी समजूत काढली, चिडलो, एकदा तर रडलोही. शेवटी ती म्हणाली, "अहो, तिची जोडी पूर्ण करा. मग मी येते. तिचं काम अर्धवट ठेवून मी कुठे जायची नाही."

मला ते पटलं. खरं तर मला हायसं वाटलं. दुःखाला काम लागतं, आणि हे काम मोजता येण्यासारखं होतं. उत्कर्षा वापरायची ती हत्यारं तिच्या मित्राची, आशिषची होती. बंगळुरूला जाताना तो ती घेऊन गेला, म्हणून मला लाटूश रोड गाठावा लागला.

बाकीची पेटी सहज जुळली. राहिली ती पुढची शिसवी फळी. उत्कर्षाची एक पद्धत होती. चिनहटच्या कारखान्यात यंत्रावर फळी कापून घेताना ती मुद्दाम जरा रुंद ठेवायची आणि मग हाताने रंधा मारून पेटीच्या चौकटीत अशी बसवायची की फटीत कागदही सरकू नये. दोन्ही स्पीकरच्या फळ्या एकाच ओंडक्यातून निघालेल्या होत्या. शेजारी ठेवल्या की लाकडाच्या रेषा एकमेकींकडे बघत. त्यामुळे दुसरी फळी आणण्याचा प्रश्नच नव्हता.

फळी तीन मिलिमीटर जास्त रुंद होती. एका सकाळचं काम.

गॅलरीत जुनं जेवणाचं टेबल टाकलं, फळी शिकंज्यात धरली. पहिलं लांबलचक सालपट रंध्यातून वेटोळं घेत बाहेर आलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. यमुना टेबलावर कोपरं टेकून उभी होती, समोर मटार सोलायला घेतलेले. कोवळं ऊन होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत पायाशी सालपटांचा ढीग झाला. मी पट्टी लावली.

तीन मिलिमीटर.

मी हसलो. नवशिक्याचा हात, जोर कमी पडला असणार. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने रेष मारली, रेषेपर्यंत लाकूड उतरवलं आणि पुन्हा मोजलं. रेष गेली होती. तीन मिलिमीटर तसेच होते.

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने मी पुन्हा लाटूश रोडला गेलो. दुसरा रंधा घेतला, मग तिसरा, मग धार लावायचा दगड. दुकानदार आता मला चहा पाजू लागला. पट्टी खोटी असेल म्हणून संस्थेतून बारीक मापाचा व्हर्नियर मागून आणला. त्यानेही तेच सांगितलं. थंडीत दमट हवेने लाकूड फुगतं, हे मला ठाऊक आहे. पण फुगायलाही काही मर्यादा असते.

मग एकदा मी सालपटं भरून ठेवलेलं तांदळाचं पोतं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडं थोडं करून तोललं. सगळ्याची बेरीज फळीच्या वजनाहून जास्त भरली.

मी काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं; बेरीज तीच.

"किती राहिलं?" यमुनाने आतून विचारलं.

"तेवढंच."

"होईल हो," ती म्हणाली. तिचा आवाज समाधानी होता. दोन वर्षांत तो तसा मी ऐकला नव्हता, आणि त्या एका आवाजासाठी मी पुन्हा रंधा उचलला.

तिच्या बांगड्या सैल झाल्या होत्या, हे त्याच सुमारास लक्षात आलं. पोळ्या लाटताना त्या कोपरापर्यंत घरंगळत. मी म्हटलं, जेवत नाहीस धड. तिने ब्लाउज आत घेतले. मग चपला ढिल्या झाल्या, तेव्हा टाचेशी कापूस घातला. मग एके दिवशी लोणच्याची बरणी फडताळावरून काढून द्या म्हणाली. ती बरणी तिथे तिनेच ठेवलेली, आणि रोज तीच काढायची.

हजरतगंजला डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या निर्दोष आल्या. "शोक में वज़न गिरता है," डॉक्टर म्हणाले, "टाइम दीजिए." परतताना मेट्रोत गर्दी होती. यमुनाने सवयीने वरच्या लोंबत्या कडीकडे हात नेला. बोटं कडीच्या खाली हवेतच राहिली. तिने हात हळूच खाली घेतला आणि माझ्या कोटाची बाही धरली.

शोकात वजन उतरतं. उंची उतरत नाही.

घरी आल्यावर मी तिला भिंतीशी उभं केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, पण हे एक माप घ्यायची माझी छाती झाली नाही. रात्रभर मी तिचा हात धरून पडलो होतो. तो माझ्या मुठीत सबंध मावत होता.

सकाळी मी सगळे रंधे पिशवीत भरले. "हे सगळं परत करून येतो," म्हटलं. "जोडी राहू दे अर्धी. आपण तशीच नेऊ, आहे तशी." यमुना दात घासत होती. तिने मान डोलावली, किंवा मला तसं वाटलं.

वाटेत मी चारबाग स्टेशनला उतरलो आणि सांगलीकडे जाणाऱ्या मिळेल त्या गाडीची दोन तिकिटं काढली. रांग मोठी होती. दुकानी पोचेस्तोवर दुपार झाली.

दुकानदाराने पिशवी बघून तोंड वाकडं केलं. "वापसी तो नहीं होती, भाईसाहब."

"पैसे नहीं चाहिए. बस रख लीजिए."

"अच्छा? और उधर बिटिया नया ले गई."

"कौन बिटिया?"

"आपकी. अभी घंटा भर पहले आई थी. बोली, वो जो स्पीकर वाले साहब आते हैं, उन्हीं के घर से हूँ." त्याने हात काउंटरच्या कडेशी धरून उंची दाखवली. "दुबली-सी. साड़ी में. हमको लगा स्कूल का कोई फंक्शन होगा."

घरी कसा आलो ते आठवत नाही.

जिन्यातच आवाज ऐकू आला. सर्र, मग थांबणं, मग पुन्हा सर्र. मी कधीच इतका सफाईदार रंधा मारला नव्हता.

गॅलरीत यमुना माझ्याकडे पाठ करून उभी होती. निऱ्यांचा मोठा गठ्ठा तिने कमरेशी खोचला होता. टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून पायाखाली देवघरातला पाट घेतला होता.

"यमुना, सोड ते," मी म्हणालो. "तिकिटं काढलीत मी. हात जोडतो तुझ्यापुढे."

"आवाज करू नका." तिने वळून पाहिलं. चेहरा तिचाच होता, साठीचा, सुरकुत्यांसकट. फक्त सगळं लहान होतं. "माझ्या हाताला बसेल असा बघून आणला. मोठ्या रंध्याने नाही जमायचं ते. बघा की, आता उतरतेय."

मी व्हर्नियर लावला. खात्री पटेना, म्हणून तीनदा लावला. फळी पहिल्यांदाच कमी झाली होती.

"किती राहिलं?"

अजून तीनच आहे असं खोटं सांगून मला तिला थांबवता आलं असतं. पण ती इतकी आनंदात होती. "एक," मी म्हणालो. "एक मिलिमीटर."

तिने मान हलवली, खाली उतरली, आणि आतून दुसरा पाट आणून पहिल्यावर ठेवला.