मधला आवाज

अरे, तो मोबाइल ठेव खाली. आणि खिदळायचं असेल तर आत्ताच खिदळून घ्या. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे. स्पीकर दुरुस्त करतो तो. कान असा तिखट, की आम्ही त्याला कानसेनच म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. एका बाईंचा फोन आला म्हणून कानसेन त्यांच्या घरी गेला.

"आवाज फार पातळ येतो हो," बाई म्हणाल्या. "आमचे हे कुणाला हात लावू देत नाहीत. ते यायच्या आत बघून जा."

छातीएवढे उंच दोन लाकडी स्पीकर. बाईंच्या थोरल्या दिरांनी हातानं बनवलेले. दीर वर्षापूर्वी याच घरात जिन्यावरून पडून गेले म्हणे. जाड पडदे, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, तोंडं किंचित आत वळवलेली. कानसेन जाम खूश! अशा खोलीत नीट बसलं, की गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा वाटतो. तिथे असतं काय? नुसती हवा.

पण इथे मधे कुणीच नव्हतं. गाणं भिंतींना फासल्यासारखं, खर्ज गायब. त्यानं मागे वाकून पाहिलं. उजवीकडच्या तारांचा पीळ उलट्या दिशेचा, डाव्या हातानं पिळल्यासारखा, पण जोडणी बरोबर. डावीकडे मात्र धन-ऋण उलटं. असं झालं की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि मधला माणूस पुसला जातो.

"दीर डावरे होते," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर डावीकडची जोडणी ह्यांनी बदलली."

"साहेबांचा गोंधळ झालाय," कानसेन हसला, आणि त्यानं तारा सरळ केल्या.

गायिका मधे आली. दोन ओळी गायली. मग तिच्या जागी कुणीतरी धापा टाकू लागलं.

"धाकट्या... नको रे... दांडा खाली ठेव..."

बाईंची बोबडी वळली. "मोठे भाऊजी..."

मग घाव. लोखंडाचा, हाडावर. पुन्हा. पुन्हा. काहीतरी ओलं फुटल्याचा आवाज...

दारात नवरा उभा होता. पांढराफटक.

"तारा कुणी बदलल्या?" त्यानं पडद्याचा लोखंडी दांडा उपसला आणि दोन स्पीकरच्या मधे हाणला. "एकदा मारलं ना तुला! मर परत!"

दांडा हवेतच अडला.

मग उलटा फिरला.

आधी दात गेले. मग जबडा. नवरा जमिनीवर, तोंडातून रक्त. "उलट्या कर... तारा... उलट्या..."

माणूस खुनी, पण डोळ्यांदेखत मरू कसा द्यायचा? कानसेन स्पीकरच्या मागे धावला. स्क्रू सुटेना. त्यानं पक्कड घातली आणि दोन्हीकडच्या तारा कापल्या.

गाणं थांबलं.

घाव थांबले नाहीत.

कानसेननं धावून दांडा धरला. तो स्वतःच भिंतीवर फेकला गेला. मनगट मोडलं, ते अजून वाकडंच आहे. पुढचं त्यानं डोळे मिटून ऐकलं. त्या कानांनी...

पोलीस आले तोवर नवरा संपला होता. बाईंनी सगळं सांगितलं. खोलीला कुलूप लागलं. सकाळी जबाबासाठी कानसेनला परत तिथे नेलं, कुलूप त्याच्यासमोर उघडलं. तो स्पीकरच्या मागे वाकला.

कापलेल्या तारा जोडलेल्या होत्या. धनाला धन, ऋणाला ऋण. दोन्हीकडे, डाव्या हातानं पिळलेल्या.