बैलाचं काळीज

फेब्रुवारीत उत्तर रशियातल्या आमच्या कोत्लासच्या खिडक्यांतून जो उजेड येतो त्यात वर्तमानपत्र वाचता येत नाही, मग टोमॅटोच्या रोपांनी काय करायचं? ती उंच, फिकट होतात आणि मान टाकतात. म्हणून मी दिवा घरीच बनवला. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते; बाजारच्या दिव्यांवर माझा विश्वास नाही. पडद्याची जुनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली, तिच्यावर लाल एलईडी जास्त, निळे कमी असे चिकटवले, तारा सोल्डर केल्या, मागे पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावला. सासूबाईंच्या खोलीची खिडकी गुलाबी झाली.

"सगळ्या इमारतीला वाटतंय तू धंदा सुरू केलास," शेजारची फाइना म्हणाली. "गिऱ्हाइकांना निदान चहा तरी पाजत जा."

बी सासूबाईंचं होतं. 'बैलाचं काळीज' जातीचा, मुठीएवढा टोमॅटो. दरवर्षी त्या स्वतः बी राखायच्या. नोव्हेंबरात त्या गेल्या. त्याआधी सहा वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं मी केलं. एकदाही धन्यवाद म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे कुणी रोप दिलं की धन्यवाद म्हणायचं नसतं. म्हटलं तर रोप लागत नाही. त्या नियमात त्यांनी मलाही बसवलं होतं. "घरात आलेलं रोप असो की सून, तास्या, धन्यवाद म्हटलं की लागत नाही," असं म्हणून हसायच्या. ते हसू मला अजून सहन होत नाही.

त्या गेल्यापासून माझा नवरा गेन्नादी माझ्याशी बोलेनासा झाला. रेल्वेतल्या कामावरून यायचा, जेवायचा आणि आईच्या रिकाम्या खाटेसमोर बसून राहायचा. आईची रोपं जगली तर हा माणूस मला परत मिळेल, असं मला वाटत होतं. सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता.

रोपं उगवली, पानं फुटली आणि कलली. दिव्याकडे नाही. दिव्याकडे पाठ करून, खाटेकडे.

मी ट्रे फिरवला. शाळेतून येईपर्यंत रोपं पुन्हा तिकडेच वळलेली. हीटरची ऊब असेल म्हणून हीटरवर जाड ब्लँकेट टाकलं. दिव्यात आणखी एलईडी घातले. शेवटी गादी काढली आणि खाट समोरच्या भिंतीला नेली. दुसऱ्या दिवशी रोपं खाटेच्या मागोमाग तिकडे वळली होती. त्यातही उशाच्या बाजूला.

फाइना थोडी रोपं मागायला आली आणि दारातच थबकली. "उजेडाकडे पाठ? हे बाई मी पहिल्यांदाच बघतेय." तिने रोपांचे चार कप उचलले, ओठांवर बोट ठेवून मला दाखवलं आणि काही न बोलता गेली. तिच्या घरी रोपं सरळ उभी राहिली.

गेन्नादीला मात्र आनंद झाला.

"आईकडे बघतायत," तो म्हणाला.

"वेड्यासारखं बोलू नकोस, गेना. उजेडाचा काहीतरी घोळ आहे."

"तुला ती कधी दिसलीच नाही, तास्या."

सहा वर्षं जिला न्हाऊमाखू घातलं, ती मला दिसली नाही! त्या रविवारी तो दूध आणायला गेल्यावर मी ट्रे उचलला आणि उघड्या खाटेवर आदळला.

"घ्या, क्लावदिया एगोरोव्ना. हीसुद्धा तुम्हीच घ्या!"

खाटेच्या स्प्रिंगा करकरल्या. ट्रेच्या वजनाने करकरल्या असतील.

मग पुन्हा करकरल्या.

"धन्यवाद, तास्या."

तोच घोगरा आवाज. उशाच्या बाजूने.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? हा शब्द ऐकायला मी किती तरसले होते. मग तो आताच का आला ते कळलं.

दुपारपर्यंत सगळी रोपं देठातून मऊ होऊन आडवी झाली. फाइनाची ठणठणीत होती. तो शब्द रोपांसाठीच होता, असं मी स्वतःला बजावत राहिले.

गेन्नादी ओरडेल म्हणून मी तयार होते. तो ओरडला नाही. "असू दे गं," म्हणाला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर चहाला बसला. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा. कामावरच्या गमती सांगू लागला. मी ब्रेडला लोणी लावत ऐकत होते, तेव्हा लक्षात आलं की त्याचा खांदा भिंतीला टेकलाय. भिंतीपलीकडे ती खोली होती.

"नीट बस ना."

"बसलोय की," तो हसून म्हणाला. मान वाकडी होती, डोळे मात्र माझ्याकडे.

मी उठले आणि त्याची खुर्ची त्याच्यासकट टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वळवून ठेवली.

त्याने बोलणं थांबवलं नाही. चहा संपेपर्यंत तो पुन्हा तिकडेच कलला होता.