लेपात न उतरलेला डाग

फरशीवरचे डाग काढण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. गंज, तेल, शाई, सगळ्यांना त्यांनी पाणी पाजलं होतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात शिरताना त्या निर्धास्त होत्या. दुपारचे बारा वाजले होते. खिडक्या मात्र सगळ्या बंद होत्या, आणि फिनेलच्या वासाखाली आणखी एक कुबट वास होता.

"पलंगापाशी आहे," घरमालक म्हणाला. "बाबा गेल्या महिन्यात गेले. झोपेतच. औषधबिषध सांडलं असेल. पाचला बहीण येतेय, त्याआधी निघायला हवा."

डाग तपकिरी होता, ताटाएवढा. मावशींनी गुडघे टेकून त्यावरून बोट फिरवलं.

"साहेब, हे औषध नाही, रक्त आहे. आणि सांडल्यावर दोन दिवस तसाच मुरत राहिलाय. पुसायला कुणी आलंच नाही."

तो पलंगावर बसला. म्हणाला, "बाबा कुठेही निघून जायचे. म्हणून बाहेरून कुलूप लावून गेलो. एका दिवसात परतणार होतो... दोन लागले. बहिणीला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही. मला आता तीच एक उरलीये, मावशी."

मावशींना संताप आला, आणि कीवही आली. पण हातात घेतलेलं काम टाकून जायची त्यांना सवय नव्हती. खडूची भुकटी डाग काढायच्या औषधात कालवून त्यांनी डागावर जाड लेप थापला, वर प्लास्टिक अंथरलं. तासाभरात असा लेप दगडात मुरलेलं सगळं ओढून घेतो आणि स्वतः काळवंडतो.

तासाने त्यांनी लेप खरवडला. खालची फरशी लख्ख निघाली. लेप मात्र पांढराशुभ्र होता. आणि डाग हातभर पुढे, दाराच्या बाजूला, जसाच्या तसा पडलेला होता.

'आपणच फडक्याने पसरवला,' असं म्हणून त्यांनी स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि दुसरा लेप लावला. तोही पांढराच निघाला. डाग आणखी पुढे गेला होता. तिसऱ्या वेळी प्लास्टिकखालून आवाज येऊ लागला. ओलं कापड फरफटत न्यावं तसा... मध्येच थांबायचा, दम घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मावशींनी झटकन हात मागे घेतला.

"साहेब... हा निघत नाहीये. दाराकडे सरकतोय."

"सरकू दे!" तो घाईघाईने म्हणाला. "एकदाचा बाहेर गेला की झालं. लावा तुम्ही."

चौथा लेप उंबरठ्याला लागून पडला. तो उचलला तेव्हा डाग घरात कुठेच नव्हता. घरमालकाने धडाधड खिडक्या उघडल्या. लहान मुलासारखा हसला. मावशींनी बादली आवरायला घेतली. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. त्याने दार उघडलं.

बहीण भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"जिन्यात कुणीतरी माझा पाय धरला..."

तिच्या घोट्यावर पाच तपकिरी बोटं उमटली होती.

"तू आधी आत ये बघू," तो कसाबसा म्हणाला.

ती आत आली नाही. जिन्याकडे कान देऊन तिने काहीतरी ऐकलं, मग त्याच्याकडे वळली.

"दोन दिवस, दादा?" तिने हळूच विचारलं. "दोन दिवस?"

आणि मग ती दारातून बाजूला सरकली, मागून येणाऱ्याला वाट करून द्यावी तशी.